दीड किलोच्या वाघाटीला पूर्ण पान

तुमच्या फोनमध्ये वाघाचे किती फोटो आहेत? ग्रुपमधलं कुणी नुकतंच ताडोबाला जाऊन आलं असेल तर मोजूच नका. आता सांगा, वाघाटीचा एक तरी आहे? 'वाघाटी म्हणजे काय?' हेच बहुतेकांचं उत्तर असणार.

वाघाटी ही जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एक. वजन जेमतेम दीड किलो, म्हणजे घरच्या मनीपेक्षाही कमी. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढंच तिचं जग. त्यात बाई रात्री फिरणार. सफारीत ती दिसणं म्हणजे लॉटरीच!

म्हणून तिला आधी चित्रात भेटा. डॅनियल एलियट यांनी १८७८ ते १८८३ या काळात मार्जारकुळावर एक भलामोठा ग्रंथ काढला. चित्रं जोसेफ वुल्फची. जोसेफ स्मिटने ती छपाईसाठी दगडावर उतरवली आणि रंग हाताने भरले गेले. या ग्रंथात वाघ-सिंहांसारखंच वाघाटीलाही स्वतःचं पान आहे. मला हे फार आवडतं. वजन बघून मान द्यायचा, हा हिशेब तिथे नाही.

'फोटो असताना चित्र कशाला?' असं तुम्ही म्हणाल. फोटो क्षणात निघतो आणि अंगठ्याखालून क्षणात सरकतोही. चित्रकाराला मात्र एकेक ठिपका ठरवावा लागतो. अंगावरचे तांबूस ठिपके ओळीने कसे जातात, कपाळावरचे पट्टे कुठून निघतात, शेपटीवर ठिपके जवळजवळ का नाहीत... त्याच्या मागोमाग आपली नजरही सावकाश चालायला लागते.

ही नजर कामाची आहे. ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्लं सापडतात. ठिपके दिसले की 'बिबट्याचे बछडे!' म्हणून गलका होतो, नाहीतर कुणीतरी 'किती गोड' म्हणत घरी उचलून नेतं. दोन्हींत पिल्लं आईला मुकतात. त्याऐवजी हात न लावता वनखात्याला कळवलं, तर आई परत येऊन त्यांना घेऊन जाऊ शकते. गावाकडे ऊस असलेलं एखादं तरी तुमच्या वर्गात असेलच ना?

तेव्हा पुढच्या वेळी वन्यजीव चित्रांच्या प्रदर्शनाला गेलात, तर वाघापुढे सेल्फी खुशाल काढा. पण छोट्या मांजराचं चित्र दिसलं, की फोन खिशात टाकून पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहा. ठिपके बघा, डोळे बघा, नाव वाचा. आणि ते नाव गावी जाऊन सांगा.