मूळ राखा, फळ वाटा

या रमजानमध्ये मोमिनपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत वही फिरली. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मीचे सिझेरियन झाले होते, बाळ काचेच्या पेटीत होते. दोन दिवसांत बिलापुरते पैसे जमले, अल्हम्दुलिल्लाह. ईदनंतर महिनाभराने त्याच वहीचे पुढचे पान दुसऱ्या घरासाठी निघाले, तेव्हा निम्मेही जमले नाहीत. रमजान सरला होता, हात आखडले होते. आणि ती मुलगी? आठवीतली. अम्मी अशक्त, म्हणून भावाला सांभाळायला घरी बसली ती बसलीच. तिच्यासाठी वही कोणी काढली नाही. आम्हीही नाही.

आपण देत नाही असे नाही. पण आपले देणे दारात आलेल्या हातात पडते आणि तिथेच संपते.

देणे टिकते कसे, हे पाहायला नागपूरकरांना लांब जायला नको. सीताबर्डीवर १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई कोवळ्या वयात विधवा झालेल्या. परिचारिकेचे शिक्षण त्यांनी नागपूरच्याच डफरिन इस्पितळात घेतले. ही डफरिन इस्पितळे म्हणजेही एका निधीचेच फळ. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये तो निधी उभारला, बायकांवर बायकांनीच उपचार करावेत म्हणून. पडद्यातल्या आपल्या दादी-नानींसाठी ही किती मोठी सोय! एका निधीतून एक परिचारिका शिकली आणि तिने दुसरी संस्था उभी केली. प्रसूतिगृहापासून निघालेला हा संघ विदर्भात ठिकठिकाणी पोहोचला. वृद्धांसाठी पंचवटी, मतिमंद मुलांसाठी नंदनवन, १९५८ मध्ये समाजकार्याचे महाविद्यालय. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८१ मध्ये त्या गेल्या. संघ चालूच आहे.

वाचताना कुणाला वाटेल, हे तर दुसऱ्यांचे. पण ही रीत आपल्या घरचीच आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. सल्ला मिळाला तो असा, की मूळ जमीन राखावी आणि तिचे उत्पन्न खैरात करावे. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. हाच वक्फ. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ च्या सुमारास बांधलेले इस्पितळ अशाच वक्फच्या उत्पन्नावर चाले, रुग्णाकडून पैसा न घेता.

आम्ही हे गल्लीतल्या बुजुर्गांसमोर मांडले. एक चाचा म्हणाले, "मास्तर, जकात साठवून ठेवायची नसते. ती गरिबाच्या हातात गेली पाहिजे." चाचांचे खरे आहे. हनफी उलमा सांगतात, जकातीत गरजूला मालक करावे लागते. इमारत, पगार, खाटा यांवर ती खर्चता येत नाही. पण नफली सदका आणि वक्फ यांना ही अट नाही. म्हणून दोन वह्या हव्यात. जकातीची वही रमजानची, दुसरी बाराही महिन्यांची.

दुसऱ्या वहीला कायदाही लागतो. सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडे माणूस भला असला की हिशेब मागणे अपमान वाटतो. आम्हाला तर उलट वाटते. भल्या माणसाकडे वही असावीच, नाहीतर त्याच्यामागे संस्था राहत नाही, फक्त आठवणी राहतात.

सध्या नऊ घरे तयार झाली आहेत, महिन्याला शंभर रुपये. हिशेब कोण लिहिणार यावरून दोन बैठका भांडणात गेल्या. नोंदणी अजून दूर आहे. पण शाळा जूनअखेर उघडते. शेजारची एक खाला त्या बाळाला दुपारपर्यंत सांभाळायला राजी आहे. तिला महिन्याला काय द्यायचे ते ठरवून या जुम्याला आम्ही त्या मुलीच्या अम्मीकडे जाणार आहोत.