राजाचा अपराध, बहिणींच्या माथी

गेल्या उन्हाळ्यात भाची आमच्याकडे राहावयास आली होती. इंग्रजी साहित्य घेऊन ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमात सोळाव्या शतकातील इंग्लंड असल्यामुळे ‘द अदर बोलिन गर्ल’ हा २००८ साली आलेला चित्रपट पाहणे म्हणजे अभ्यासच, असे तिने घरातील सर्वांना पटवून दिले आणि एका रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही सारे तो पाहावयास बसलो. मध्ये दोन-तीनदा सौभाग्यवतींना स्वयंपाकघरातली राहिलेली कामे आठवली. त्यांना दोष देत नाही. मलाही वर्तमानपत्राची आठवण झाली होती. चित्रपट संपला, दिवे लागले आणि भाचीने विचारले, “मामा, म्हणजे सगळं घडलं ते अ‍ॅनच्या हावेपायीच ना?”

हा प्रश्न ऐकून मी अस्वस्थ झालो. एका बुद्धिमान, वाचणाऱ्या मुलीच्या मनावर दोन तासांत जो ठसा उमटला होता, तो नेमका चित्रकर्त्यांना उमटवावयाचा होता तोच होता.

कथा थोडक्यात अशी. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री राणी कॅथरिनपासून पुत्र होत नाही म्हणून असंतुष्ट आहे. महत्त्वाकांक्षी बाप आणि त्याहून महत्त्वाकांक्षी मामा बोलिन घराण्यातील मुलींना राजापुढे उभे करतात. साधीभोळी मेरी राजाच्या मनात भरते. चतुर अ‍ॅन तिच्या बाळंतपणाच्या काळात राजाला आपल्याकडे वळवते, राणीला पदच्युत करवते, स्वतः राणी होते आणि शेवटी वधस्तंभावर चढते. नटाली पोर्टमन आणि स्कार्लेट जोहान्सन या दोघी नावाजलेल्या नट्या, उंची वेशभूषा, जुने वाडे. देखणेपणात उणे काढण्यास जागा नाही. चांगली बहीण, वाईट बहीण आणि त्यांच्यामध्ये सापडलेला बिचारा राजा!

हा ‘बिचारा राजा’ हीच या चित्रपटाची खरी लबाडी आहे.

फिलिपा ग्रेगरी यांच्या २००१ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे, तेव्हा तो इतिहास नव्हेच, असे कोणी म्हणेल. मान्य. ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहास यांच्यातील वाद मराठी वाचकाला नवा नाही. जेथे कागद मूक आहेत तेथे लेखकाने बोलावे, याला कोणाची हरकत असणार? पण जेथे कागद स्पष्ट बोलतात तेथे त्यांचे तोंड दाबून दुसऱ्याच कोणाला गुन्हेगार ठरविणे, याला कल्पनास्वातंत्र्य हे नाव शोभत नाही.

अ‍ॅन खरोखर कोण होती? चित्रपटात ती एका गुप्त विवाहाच्या शिक्षेपोटी काही काळ फ्रान्सला धाडली जाते आणि पुरुषांना खेळविण्याची विद्या शिकून परतते. वास्तविक ती १५१३ च्या सुमारास, लहान वयातच, मेखेलन येथे मार्गारेट ऑफ ऑस्ट्रिया या विदुषी शासनकर्तीच्या दरबारी शिक्षणासाठी गेली आणि नंतर फ्रान्सची राणी क्लोद हिच्या सेवेत अनेक वर्षे राहिली. १५२२ च्या आसपास ती इंग्लंडला परतली ती फ्रेंचवर प्रभुत्व असलेली, धर्मसुधारणेचे ग्रंथ वाचणारी स्त्री म्हणून. मेरीचे आणि राजाचे प्रकरण हेन्री अ‍ॅनच्या मागे लागण्यापूर्वीच संपलेले होते. दोघी बहिणी एकाच वेळी एका पुरुषासाठी झगडल्या, याला आधार नाही. म्हणजे ज्या कलहावर अख्खा चित्रपट उभा आहे, तो कलहच मुळात नव्हता.

मग मागे कोण लागले होते? हेन्रीने अ‍ॅनला लिहिलेली सतरा प्रेमपत्रे आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत आर्जवे राजाची आहेत. ती उत्तर देत नाही, दरबारात येत नाही, म्हणून व्याकूळ होणारा तो आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्या स्त्रीच्या नकारालाच डावपेच ठरवायचे, ही युक्ती जुनी आहे.

आता त्या गोष्टीकडे वळतो, जिच्यात दोन बहिणींचे खरे नाट्य होते आणि जिचा चित्रपटात मागमूस नाही. कॅथरिन ही हेन्रीच्या दिवंगत भावाची विधवा. तिच्याशी विवाह करता यावा म्हणून पोप दुसरा ज्युलियस याने खास सूट दिली होती. १५०९ साली लग्न झाले. अठरा वर्षे संसार झाल्यावर हेन्रीला एकाएकी शास्त्र आठवले: भावाच्या पत्नीशी विवाह हे पाप, पोपलाही त्यातून सूट देण्याचा अधिकार नाही! उत्तम. पण त्याच १५२७ साली याच राजाने रोमकडे दुसऱ्या एका सुटीची मागणी केली. जिच्याशी आपला विवाहबाह्य संबंध आला तिच्या निकटच्या नातलग स्त्रीशी विवाह करण्याची परवानगी त्याला हवी होती. चर्चच्या नियमाने अशा संबंधातूनही नाते जडत असे आणि त्या स्त्रीची बहीण वर्ज्य ठरत असे. सगोत्र-सपिंडाचे निषेध ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मागणीत नाव नव्हते, परंतु ती स्त्री मेरी होती आणि वधू अ‍ॅन होती. एका हाताने पोपचा अधिकार नाकारायचा आणि दुसरा हात त्याच पोपपुढे पसरायचा. या ढोंगाचे आख्खे नाटक हाताशी असताना पटकथाकाराने बहिणींची अंतःपुरातील उणीदुणी पसंत केली!

त्या काळच्या इंग्लंडात हे गुपितही नव्हते. जॉर्ज थ्रॉकमॉर्टन नावाच्या संसद-सदस्याने राजाच्या तोंडावर बोलून दाखविले की, तुमचा अ‍ॅनच्या आईशी आणि बहिणीशीही संबंध होता असे लोक म्हणतात. राजा उत्तरला की, आईशी कधीच नाही. शेजारी उभ्या क्रॉमवेलने घाईने पुस्ती जोडली की, बहिणीशीही नाही. ही आठवण थ्रॉकमॉर्टननेच नमूद करून ठेवली आहे. एवढा एक प्रसंग पडद्यावर आला असता, तर भाचीने मला तो प्रश्न विचारलाच नसता.

अखेरचा भाग तर अधिकच संतापजनक. १५ मे १५३६ रोजी अ‍ॅनवर खटला चालला. व्यभिचार, राजद्रोह आणि सख्ख्या भावाशी, जॉर्जशी, संबंध असे आरोप होते. आरोपपत्रातील अनेक तारखांना ती त्या त्या ठिकाणी नव्हतीच, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. शिक्षा सुनावणारा न्यायाधीश तिचा सख्खा मामा, नॉरफोकचा ड्यूक होता. १७ मे रोजी जॉर्जसह पाच पुरुषांची मस्तके उडविण्यात आली. त्याच दिवशी आर्चबिशप क्रॅन्मरने राजा-राणीचा विवाह मुळापासूनच अवैध ठरविला. विवाह झालाच नव्हता, तर व्यभिचार कोणता? हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नव्हती. १९ मे रोजी कॅलेहून आणविलेल्या तलवारधारी जल्लादाने अ‍ॅनचा शिरच्छेद केला आणि ३० मे रोजी, म्हणजे अकराव्या दिवशी, हेन्री जेन सेमूरशी विवाहबद्ध झाला.

चित्रपटाने यात काय केले? गर्भपातानंतर हताश झालेली अ‍ॅन भावाला नको ते मागते, तो कचरतो आणि तेवढ्यात ते पाहिले जाते, असा प्रसंग रचला. म्हणजे सरकारी वकिलाला पावणेपाचशे वर्षांपूर्वी जो पुरावा मिळाला नव्हता, तो चित्रकर्त्यांनी फुकट पुरविला. ज्या स्त्रीला एकदा खोट्या आरोपाखाली मारले, तिच्यावर तोच आरोप पुन्हा अर्धामुर्धा चिकटविणे हे मनोरंजन नव्हे, चारित्र्यहनन होय.

आणि या सगळ्यात राज्य कोठे आहे? १५३४ च्या कायद्याने हेन्री स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. ते मान्य न करणाऱ्या थॉमस मोर या विद्वानाचा १५३५ साली शिरच्छेद झाला. पाठोपाठ चार-पाच वर्षांत सुमारे आठशे मठ बरखास्त झाले. त्यांच्या जमिनी, सोनेनाणे, छपरांवरचे शिसेसुद्धा राजाच्या खजिन्यात आणि मर्जीतल्या सरदारांच्या घशात गेले. मठांच्या दारी जेवणारा गरीब आणि मुक्काम करणारा वाटसरू उघड्यावर पडला. धर्मसुधारणेचे नाव पुढे करून राज्यकर्ता श्रद्धास्थानांच्या मिळकतीवर हात टाकतो तेव्हा काय होते, हे आपल्या देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. उत्तर इंग्लंडमधील प्रजा १५३६ च्या शरद ऋतूत याविरुद्ध उठली आणि चिरडली गेली. चित्रपटात एखाद-दुसऱ्या वाक्यात हे सारे आटोपते.

त्या उलथापालथीच्या लाटा तर थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत आल्या. अ‍ॅनची मुलगी एलिझाबेथ राणी असताना कॅथलिक राहणे ज्यांना इंग्लंडात अवघड झाले होते, अशांपैकी थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. मराठीची थोरवी गाणारा ‘ख्रिस्तपुराण’कर्ता फादर स्टीफन्स तो हाच. त्याचे मराठी गोड, हेतू धर्मप्रसाराचा, हे दोन्ही आपण ध्यानात ठेवावे. आणि याच एलिझाबेथने ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. तिचा पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे.

राहिली मेरी. चित्रपटाच्या शेवटी ती तान्ह्या एलिझाबेथला उचलून दरबाराबाहेर घेऊन जाते, हे साफ कल्पित आहे. खरी मेरी याहून मोठी होती. पहिल्या पतीच्या निधनानंतर, १५३४ साली, तिने विल्यम स्टॅफर्ड या निर्धन सैनिकाशी कोणाला न विचारता लग्न केले. राणी झालेल्या बहिणीने तिला दरबारातून हाकलले, माहेरने पाठ फिरविली. तेव्हा तिने क्रॉमवेलला पत्र लिहून साहाय्य मागितले, पण त्यातही बजावले की राणी होण्यापेक्षा या माणसाबरोबर भीक मागून खाणे मला अधिक आवडेल. ते पत्र उपलब्ध आहे.

मी भाचीला त्या पत्राबद्दल सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मामा, मग हे त्यांनी का नाही दाखवलं?” मी म्हटले, हा प्रश्न तू वर्गात विचार.