विश्लेषण : ‘रस्ट’ भाषा शिकणे कठीण का? नवशिक्यांची वाट सोपी कशी झाली?

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारीत आज पत्र्याइतकेच महत्त्व सॉफ्टवेअरला आहे. ब्रेक, एअरबॅग, बॅटरी यांचे नियंत्रण करणारे प्रोग्राम प्रामुख्याने ‘सी’ आणि ‘सी प्लस प्लस’ या जुन्या भाषांत लिहिले जातात. आता ‘रस्ट’ या नव्या भाषेचा या क्षेत्रात शिरकाव होत आहे. सुरक्षित, पण शिकायला अवघड अशी तिची ख्याती आहे. ती नवशिक्यांना जमावी यासाठी गेल्या दशकभरात काय प्रयत्न झाले आणि पिंपरी-चिंचवडमधील विद्यार्थ्यांना त्यातून काय घेता येईल, याचा आढावा.

रस्टची गरज का भासली?

मोझिला कंपनीतील ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून रस्टची सुरुवात केली. २००९ मध्ये मोझिलाने तिला पाठबळ दिले आणि १५ मे २०१५ रोजी पहिली स्थिर आवृत्ती आली. ‘सी’मध्ये संगणकाची मेमरी घेण्याची आणि परत करण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर असते. परत केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली, तरी प्रोग्राम तयार होतो आणि दोष नंतर कधीतरी उघड होतो. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा त्रुटी मेमरीशी संबंधित असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते. जावासारख्या भाषांनी मेमरीची साफसफाई आपोआप होण्याची सोय केली. मात्र, त्या साफसफाईसाठी प्रोग्राम मध्येच क्षणभर थांबू शकतो. ब्रेकच्या नियंत्रकाला ते परवडत नाही. रस्टमध्ये मेमरीचे नियम प्रोग्राम चालण्यापूर्वीच, कम्पायलरच्या पातळीवर तपासले जातात.

वाहन उद्योगाशी तिचा संबंध काय?

वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएसओ २६२६२’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ‘फेरोसीन’ या रस्टच्या कम्पायलरला नोव्हेंबर २०२३ मध्ये या मानकाच्या ‘एएसआयएल-डी’ या सर्वांत कडक श्रेणीसाठी मान्यता मिळाली. व्होल्वोने ‘ईएक्स-९०’ या विद्युत मोटारीतील एका नियंत्रकाचे सॉफ्टवेअर रस्टमध्ये लिहिले. चाकणमध्ये वाहननिर्मिती आणि शेजारच्या हिंजवडीत वाहनांच्या सॉफ्टवेअरचे काम चालत असल्याने हा बदल या पट्ट्याला दूरचा नाही. अर्थात, लाखो ओळींचे जुने काम ‘सी’मध्ये आहे आणि ते लगेच बदलणारे नाही. त्यामुळे ‘सी’ सोडून रस्ट शिका, असा याचा अर्थ होत नाही. ‘सी’ येणाऱ्याला रस्टही यावी, ही मागणी मात्र वाढू शकते.

नवशिक्यांचे नेमके कुठे अडते?

चिन्हे किंवा व्याकरण ही मुख्य अडचण नाही. अडते ते ‘मालकी’ या कल्पनेशी. रस्टमध्ये प्रत्येक माहितीचा एका वेळी एकच मालक असतो. ती दुसऱ्याच्या हवाली केली की पहिल्याला वापरता येत नाही. मालकी न देता ती उसनी देता येते. पण तिथेही नियम आहे. एकाच वेळी अनेकांनी वाचावी किंवा एकानेच बदलावी. दोन्ही एकदम चालत नाही.

कारखान्यातील ड्रॉइंगचे उदाहरण घेतले तर हे चटकन लक्षात येते. एकच ड्रॉइंग पाहून चार मशिनवर काम चालू शकते. पण त्यावरील माप बदलायचे असेल, तर बदल पूर्ण होईपर्यंत ते इतरांच्या हाती नको. नाहीतर एका मशिनवर जुन्या मापाचा आणि दुसऱ्यावर नव्या मापाचा पार्ट निघेल. शॉपफ्लोअरवर ही शिस्त सर्वांना पटते. प्रोग्राममध्ये तीच शिस्त कम्पायलर सक्तीने लावतो, तेव्हा ‘सी’ची सवय असलेल्याला आपला बरोबर वाटणारा प्रोग्राम का नाकारला गेला, तेच कळत नाही.

भाषेत काय बदल झाले?

पहिला बदल चुका सांगण्याच्या पद्धतीत झाला. सप्टेंबर २०१६ मधील १.१२ आवृत्तीपासून कम्पायलरचे संदेश नव्या रूपात आले. ‘एल्म’ या भाषेकडून त्यासाठी प्रेरणा घेण्यात आली होती. माहिती कुठे हवाली केली आणि नंतर कोणत्या ओळीत पुन्हा वापरली, हे संबंधित ओळींखाली खुणा करून दाखवले जाऊ लागले. अनेकदा दुरुस्तीही सुचवली जाते. २०१७ च्या आराखड्यात तर शिकण्याचा चढ कमी करणे हे रस्ट प्रकल्पाने जाहीर उद्दिष्ट ठरवले.

डिसेंबर २०१८ मध्ये दुसरा मोठा बदल आला. तोपर्यंत उसनी घेतलेली माहिती तो भाग संपेपर्यंत अडकलेली मानली जात असे. आता शेवटचा वापर झाला की ती मोकळी झाली, असे कम्पायलर धरतो. मूळ नियम तसाच राहिला. विनाकारण होणारी अडवणूक मात्र कमी झाली.

शिकवण्यात काय बदलले?

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्टच्या अधिकृत मोफत पुस्तकात जागोजागी प्रश्न घातले. १३ महिन्यांत ६२,५२६ वाचकांनी ११ लाखांहून अधिक वेळा उत्तरे दिली. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या. मालकीसारख्या अवघड संकल्पना समोर येताच अनेक वाचक सुरुवातीलाच पुस्तक सोडतात. ‘हा प्रोग्राम चालेल का?’ यापेक्षा ‘तो का चालत नाही?’ हा प्रश्न समज अधिक चांगली तपासतो. आणि ज्या प्रश्नांवर वाचक अडखळत होते, तिथे पुस्तकात केलेल्या १२ सुधारणांमुळे त्या प्रश्नांचे गुण सरासरी २० टक्क्यांनी वाढले.

थोडक्यात, नियम सैल न करताही भाषा शिकायला सोपी करता येते. त्यासाठी शिकणारा कुठे पडतो हे मोजावे लागते आणि तीच जागा दुरुस्त करावी लागते.

पिंपरी-चिंचवडमध्ये काय करता येईल?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणाला परवानगी दिली. तेव्हा निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगला संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू करण्याची मंजुरी मिळाली. रस्टसारख्या भाषेसाठी याला वेगळे महत्त्व आहे. तिची आज्ञावली आणि कम्पायलरचे संदेश इंग्रजीत आहेत आणि ते तसेच वाचता आले पाहिजेत. पण अडथळा कल्पनेचा असेल, तर ती कल्पना मातृभाषेत आणि ओळखीच्या उदाहरणातून समजावता येते. मालकी, उसनवारी, हवाली करणे हे शब्द मराठी विद्यार्थ्याला नवे नाहीत.

दुसरा बदल परीक्षेतला आहे. ‘आऊटपुट काय येईल?’ या ठरावीक प्रश्नासोबत ‘कम्पायलरने हा प्रोग्राम का नाकारला?’ असा प्रश्न विचारायला वेगळी प्रयोगशाळा किंवा निधी लागत नाही.

किती वेळ लागतो?

गुगलने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, रस्ट शिकणाऱ्या त्यांच्या दोन तृतीयांशांहून अधिक अभियंत्यांना दोन महिन्यांत किंवा त्याआधीच रस्टच्या कामात हातभार लावण्याचा आत्मविश्वास आला. मात्र, हे आधीच नोकरीत असलेले अभियंते होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी तीच मुदत गृहीत धरणे योग्य ठरणार नाही.

सुरुवातीसाठी खर्च नाही. अधिकृत पुस्तक, ‘रस्टलिंग्ज’ हा छोट्या सरावांचा संच आणि गुगलचा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रस्ट’ हा अभ्यासक्रम मोफत आहेत. पहिले काही आठवडे कम्पायलर वारंवार नकार देईल. तो संदेश बंद करून उत्तर शोधण्याऐवजी पूर्ण वाचणे आणि नकाराचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहून काढणे, हा सरावच पुढे सर्वाधिक उपयोगी पडतो. कारण तिथे नाकारली गेलेली चूक ‘सी’मध्ये असती, तर ती कदाचित गाडी रस्त्यावर आल्यानंतर सापडली असती.