मालमत्ता कराच्या बिलात एक ओळ

वॉर्डाची वही

प्रभादेवीत सरकार पुस्तकांचं बरंच काही करतं. साहित्य आणि संस्कृती मंडळाचं, विश्वकोशाचं काम रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीतून चालत आलं. पुस्तक छापून झालं की मात्र सरकारचा हात आखडतो. ते वाचकाच्या हातात देणारं वाचनालय म्हणजे कुठल्यातरी संस्थेची हौस, असाच सरकारी हिशेब.

म्हणून आपल्याकडे वाचनालय कोणी ‘बंद करत’ नाही, ते बंद पडतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ग्रंथालय चालवणं हे 1964 च्या कायद्याने कौन्सिलचं कर्तव्य आहे, त्यामुळे शाखेला कुलूप लागताना निदान कोणाला तरी जाब विचारता येतो. इथे 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या कितीतरी शाखा मिटत गेल्या. चर्चा जास्त झाली ती संस्थेच्या निवडणुकीतल्या वादांची.

पैशांचं बघा. नोव्हेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान 60 टक्के वाढवलं. आधीची वाढ 2012 ची. या वाढीने ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे 30 हजार 48 हजार झाले, म्हणजे महिन्याला 4 हजार. ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, मासिकं, नवी पुस्तकं, जुन्यांची बांधणी, सगळं यात आणि सभासदांच्या वर्गणीत बसवायचं. प्रभादेवीत एवढ्यात गाळ्याचं भाडं तरी सुटेल का? वरचा वर्ग मिळवावा म्हटलं, तर 2012 नंतर दहाएक वर्षं दर्जावाढच थांबलेली. हप्ता उशिरा आला की पहिली काट पुस्तकखरेदीला. नवं पुस्तक नाही म्हणून सभासद गळतात, आणि मग म्हणायचं, लोक हल्ली वाचत नाहीत!

मोबाइलने वाचक पळवले हे खरंच आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीतून अभ्यासिकेची खुर्ची शोधत निघालेला परीक्षार्थी कोणी पळवलेला नाही.

दुखणं महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यातलं आहे. मद्रासने 1948 मध्ये आणि कर्नाटकाने 1965 मध्ये ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद केली. कर्नाटकात तो मालमत्ता कराच्या सहा टक्के. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि सरकारने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान 25 लाख घालावेत, एवढंच लिहून ठेवलं. त्या काळी ती रक्कम मोठी वाटली असेल. बाकी अर्थसंकल्पाची मर्जी.

मर्जीवर न चालणारी व्यवस्था बघायला लांब जायला नको. सेनापती बापट मार्गावर कामगार क्रीडा भवनात कामगार कल्याण मंडळ आहे. 1953 च्या कायद्याने जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराची छोटी रक्कम कापली जाते, मालकही आपला वाटा भरतो. गिरण्या गेल्या, मंडळ राहिलं.

मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात पथ कर आहे, शिक्षण उपकर आहे, रोजगार हमी उपकर आहे. वृक्ष उपकरही आहे. झाडांसाठी 1975 मध्ये कायदा केला तेव्हा त्यातच त्याची सोय केली गेली. त्याखाली ‘ग्रंथालय उपकर’ अशी एक ओळ का नको? गरिबावर बोजा पडेल ही तक्रारही टिकत नाही. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता करच माफ आहे. चाळीतली खोली सुटेल, भरेल तो गिरणीच्या जमिनीवरचा टॉवर. त्या जमिनीवर राबलेल्यांच्या नातवंडांना टॉवरने अभ्यासिका द्यावी, यात मला काही गैर दिसत नाही.

उपकर गोळा होऊन पालिकेतच मुरेल, ही भीती मात्र रास्त आहे. बंगळुरूत महापालिकेकडे ग्रंथालय खात्याची मोठी थकबाकी साचली होती. म्हणून कायद्याच्या दुरुस्तीतच लिहावं: रक्कम वेगळ्या खात्यात, वॉर्डनिहाय हिशेब दर एप्रिलला जाहीर. जी-दक्षिण वॉर्डातून किती आले आणि प्रभादेवीतल्या कुठल्या वाचनालयाला किती गेले, हे मग नगरसेवकाला विचारता येईल.

– वॉर्डवासी