बारा कोटींचा बेरंग

जेम्स एल. ब्रुक्स ह्या दिग्दर्शकाविषयी आम्हांला आदर आहे. 'टर्म्स ऑफ एन्डिअरमेंट' (१९८३) आणि 'ॲज गुड ॲज इट गेट्स' (१९९७) ह्या त्यांच्या दोन्ही चित्रपटांतील कामाबद्दल जॅक निकल्सन ह्यांना ऑस्कर मिळाले होते. म्हणूनच डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या 'हाऊ डू यू नो'विषयी लिहिताना लेखणी अडखळते. रीझ विदरस्पून, पॉल रड, ओवेन विल्सन आणि स्वतः निकल्सन. कॅमेऱ्यामागे यानुश कामिन्स्की, संगीत हान्स झिमर ह्यांचे. एवढे गुणीजन एकत्र करून इतका निस्तेज चित्रपट निघावा, ह्याची मीमांसा केलीच पाहिजे.

कथाबीज हलके मुळीच नव्हते. लिसा ही अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातील सॉफ्टबॉल खेळाडू. तिशी उलटताच तिला संघाबाहेर काढले जाते. २००८ च्या बीजिंगनंतर हा खेळच ऑलिंपिकमधून वगळला गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आघाताचे मोल कळते. उभे आयुष्य ज्या कामात घातले ते काम एका सकाळी हातातून गेल्यावर माणसाने स्वतःला काय म्हणून ओळखावे? दुसरीकडे जॉर्ज हा वडिलांच्या कंपनीतला अधिकारी. कंपनीच्या गैरव्यवहाराचा ठपका त्याच्यावर येतो. गुन्हा वडिलांचा आहे. मुलाने तो पत्करला तर थोडक्यात सुटका. वडील अडकले तर उरलेले आयुष्य गजाआड. अमेरिकेतील मोठमोठ्या वित्तसंस्था कोसळून दोनच वर्षे झाली होती. अशा वेळी हा विषय हाती येणे ही कलावंताला लाभलेली संधीच म्हणायची.

चित्रपट मात्र ह्या दोन्ही आपत्तींकडे एकाच नजरेने पाहतो: लिसाने कोटीच्या कोटी मिळवणाऱ्या बेसबॉलपटूकडे राहावे की जॉर्जकडे जावे? कामावरून काढलेल्या बाईच्या प्रश्नाला योग्य पुरुषाची निवड हे उत्तर कसे होईल? त्यावर कडी म्हणजे जॉर्जचा पण. लिसाने नाकारले तर आपण तुरुंगात जाऊ, स्वीकारले तर वडिलांनी जावे! न्यायाचा आणि पुत्रधर्माचा सवाल एका तरुणीच्या होकारावर टांगून लेखक-दिग्दर्शक मोकळे होतात. निकल्सन ह्यांच्या वाट्याला चिडणे आणि गळ घालणे एवढेच उरते. विदरस्पून ह्यांच्या चेहऱ्यावर मधूनच खरी खिन्नता तरळते, पण लगेच कोणीतरी चुरचुरीत वाक्य टाकून ती पुसून टाकतो.

एक प्रसंग मात्र जिवंत आहे. जॉर्जची चिटणीस ॲनी (कॅथरिन हान) बाळंत होते. बाळाचा बाप अगदी साधा माणूस, खोलीतच तिला लग्नाची मागणी घालतो. ते क्षण टिपायला जॉर्जच्या हाती कॅमेरा दिलेला असतो, आणि नेमके चित्रण होतच नाही. मग सगळे मिळून ते बोलणे आठवून आठवून पुन्हा घडवतात. हसू येते आणि गळाही दाटतो. हा प्रसंग तोलून धरतात ते जाहिरातीत ठळक नाव नसलेले नट.

त्या काळी छापून आलेल्या आकड्यांप्रमाणे चित्रपटाचा खर्च सुमारे बारा कोटी डॉलर, आणि त्यांपैकी जवळजवळ पाच कोटी चार प्रमुख नट व दिग्दर्शक ह्यांच्या मानधनात गेले. जगभरचा गल्ला पाच कोटींच्याही आत राहिला. माणसे बसस्टॉपवर उभी राहून बोलतात अशा कथेला बारा कोटी कशाला लागावेत, हे आमच्यासारख्यांना उमगणे कठीण. शेवटही अशाच एका बसस्टॉपवर होतो. वरून निकल्सन खाली त्या दोघांकडे पाहत राहतात आणि आपले भवितव्य त्यांना कळून चुकते. त्यानंतर हा नट पडद्यावर नव्या भूमिकेत दिसलेला नाही.