तुलनात्मक तक्त्यात पाण्याचा रकाना नसतो

सरकारी खरेदीच्या फाईलमध्ये एका पानावर सर्वांचा विश्वास असतो. ते पान म्हणजे तुलनात्मक तक्ता. डावीकडे वस्तूचे गुणधर्म, वर निविदाकारांची नावे, तळाशी दर आणि शेवटी 'न्यूनतम दर स्वीकारण्यास हरकत नाही' असा शेरा. त्या शेऱ्याखाली सही केली की अधिकारी सुटला. लेखापरीक्षक आक्षेप घेणार नाही, दक्षता विभाग खुलासा मागणार नाही. ज्याला खरोखर जाब विचारण्याचा हक्क आहे, तो नागरिक त्या वेळी जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाण्याकडे पाहत उभा असतो; त्याच्यापर्यंत तक्ता पोहोचत नाही.

अशा एका तक्त्यावर मीही सही केली आहे. म्हणूनच हा लेख लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

प्रसंग बंगळुरूचा. महाराष्ट्रातून येथे येऊन स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या अनेकांची समजूत होती की समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या, मोठी नदी नसलेल्या या शहराला पुराचे भय नाही. ही समजूत सप्टेंबर २०२२ मध्ये पुरती बुडाली. तलावामागून तलाव भरले, राजकालुवे, म्हणजे त्यांना जोडणारे मोठे नाले, तुंबले आणि बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता या भागांत ट्रॅक्टर व बोटी फिरू लागल्या. यलहंक्याच्या केंद्रीय विहारात, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या वसाहतीत, नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये रहिवाशांना बोटीतून बाहेर काढावे लागले. मे २०२५ मध्ये होरमावूच्या साई लेआउटमध्ये तेच दृश्य दिसले. तेव्हा 'बंगळुरूला बोट कशाला?' हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. 'कोणती बोट?' हा प्रश्नही कोणी विचारत नाही, हे मात्र दुर्दैव आहे.

एका कार्यालयाच्या खरेदी समितीवर मी सदस्य होतो. कार्यालयाचे नाव महत्त्वाचे नाही; असे कार्यालय प्रत्येक शहरात असते. आउटबोर्ड इंजिनाची एक छोटी अॅल्युमिनियमची बोट घ्यायची होती. तांत्रिक छाननीत दोन बोटी उरल्या. पहिली बारा फुटी, सपाट तळाची, जाड पत्र्याची, वेल्डिंगने जोडलेली, लहान इंजिनाची. दुसरी चौदा फुटी, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या निमुळत्या तळाची, पातळ पत्र्याची, रिव्हेटने जोडलेली. इंजिन मोठे आणि किंमत कमी. लांबी जास्त, अश्वशक्ती जास्त, दर कमी. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात दुसरी बोट जिंकली.

बैठकीच्या दिवशी तलावातली जलपर्णी काढण्याच्या कामावरचा एक नावाडी काही कागद घेऊन आला होता. टेबलावरची छायाचित्रे पाहून त्याने कन्नडमध्ये एवढेच विचारले, "सार, नीरु एष्टु?" साहेब, पाणी किती? आम्ही हसलो. अध्यक्ष म्हणाले, "पुराचे पाणी मोजून येते काय?" आणि आम्ही सह्या केल्या.

पुढच्याच पुरात उत्तर मिळाले. पाणी कमरेएवढे होते. त्याखाली रस्तादुभाजक होता, कुंपणाची भिंत होती, बुडालेल्या मोटारी होत्या. निमुळत्या तळाची बोट पाण्यात खोल बसते आणि इंजिनाचा पंखा त्याहून खाली जातो. तो दुभाजकावर आपटला. मग इंजिन वर उचलून बांधले आणि जवान बोटीला दोर लावून, छातीशी पाणी झेलत, तिला चालत ओढू लागले. आम्ही अश्वशक्ती विकत घेतली होती; कामाला आली ती मनुष्यशक्ती. कोणाचा जीव गेला नाही, ही त्या जवानांची पुण्याई. आमच्या समितीची नव्हे.

यातले तंत्र अवघड नाही. सपाट तळाची हलकी बोट चार-सहा इंच पाण्यातही तरंगते. म्हातारे माणूस चढताना ती सहज कलत नाही. गल्लीत ती बांबूने रेटता येते आणि कोरड्या जागी चौघांना उचलून नेता येते. तिचा दोष असा की वारा सुटला, लाटा उठल्या, की ती पाण्यावर आपटत चालते आणि वेगाच्या प्रवाहात भरकटते. निमुळता तळ लाटा कापतो, सरळ चालतो. पण त्याला खोली लागते. रिव्हेटची बोट गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येते, मात्र खडकांवर घासून रिव्हेट सैल झाले की ती झिरपू लागते. वेल्डिंगची बोट मार सोसते, परंतु तडा गेला तर अॅल्युमिनियम जोडणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणजे चांगली बोट आणि वाईट बोट असा हा प्रश्नच नाही. या पाण्याची बोट आणि त्या पाण्याची बोट, असा तो आहे.

आता येथून आपल्या मुलखाकडे पाहू. कृष्णा आणि पंचगंगा फुगतात तेव्हा पात्र मैलभर पसरते, प्रवाहातून झाडे वाहत येतात. तेथे माझी सपाट तळाची बोट घेऊन जाणे हा अपराध ठरेल. तेथे निमुळता तळ आणि दणकट इंजिनच हवे. मग सांगलीच्या नदीला, चिपळूणच्या बाजारपेठेला आणि बंगळुरूच्या गल्लीला एकाच तपशीलपत्रकाची बोट कशी चालेल? पण तपशीलपत्रक कोठून येते, हे प्रशासनात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते मागच्या फाईलमधून येते, आणि मागची फाईल किनाऱ्यावरच्या एखाद्या जिल्ह्याची असते.

यावर सहकारी एक ठरलेले उत्तर देतात: 'नियम तसेच आहेत.' मी याचा स्पष्ट निषेध करतो. कर्नाटकाचा १९९९ चा सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा असो किंवा केंद्राचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम असोत, वाटेल ती वस्तू केवळ स्वस्त म्हणून घ्या असे ते सांगत नाहीत. गरज आधी नीट लिहा, त्या गरजेला उतरणाऱ्यांमध्ये दर पाहा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. पाण्यावरची चाचणी ही पात्रतेची अट म्हणून निविदेत आधीच लिहिली, तर दराचा लिफाफा उघडण्यापूर्वी ती घेता येते. आड येतो तो आपला आळस, आणि उद्या कोणी 'महाग का घेतली?' असे विचारील ही भीती. 'चुकीची का घेतली?' असे विचारणारा कोणी नाही, म्हणून त्याची भीतीही नाही.

दुसरे एक उत्तर अधिक प्रामाणिक आहे: 'वर्षातून चार दिवसांसाठी एवढा विचार कशाला?' तर उरलेल्या दिवसांचेच पाहा. बोट छपरीत पडून असते. टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसेच राहते. देशातल्या पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतली ओल शोषते. महिनोन्महिने साठलेल्या अशा इंधनावर इंजिन ऐन पावसात रुसते. थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी चक्र सुकून चिरते. म्हणजे बोटीची खरी किंमत निविदेच्या दरात नसून महिन्यातून एकदा ती पाण्यात उतरवणाऱ्या माणसाच्या पगारात आहे. त्या माणसाचे पद मात्र कोणत्याच तक्त्यात नसते.

आणि त्या माणसाचे काम केवळ इंजिन चालू ठेवण्याचे नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. क्षमतेहून अधिक माणसे तिच्यात होती. बुडालेल्यांत बायका होत्या, मुले होती. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत शोधकार्य करणारी बचावपथकाची बोटच उलटली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान गेले. पहिल्या घटनेत प्रश्न होता माणसांच्या भाराचा, दुसरीत होते शिकलेले, सराव असलेले जवान. दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात: पाणी कोणाचा हुद्दा मानत नाही. पाणी वाढत असताना 'बोट भरली, आता चढू नका' हे शब्द उच्चारायला अधिकार लागतो. तो अधिकार आपण नावाड्याला दिला आहे काय? आपण तर त्याला बैठकीत बसायला खुर्चीही दिली नव्हती.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत, पण त्यांत तडजोड नको.

१. खरेदीच्या तक्त्यातला पहिला रकाना पाण्याचा असावा: खोली किती, प्रवाह कसा, तळाशी काय.

२. दोन्ही बोटी त्याच भागातल्या पाण्यावर, पूर्ण भारासह, जो पुढे चालवणार आहे त्याच्याकडून चालवून घ्याव्यात आणि त्याचा अभिप्राय त्याच्या सहीने फाईलला लागावा.

३. बोटीच्या रकमेतच लाइफ जॅकेट, वल्ही, बांबू, पंख्याची संरक्षक जाळी आणि पाच वर्षांची देखभाल धरावी.

४. माणसांची कमाल संख्या बोटीच्या अंगावर ठळक रंगवावी, स्थानिक भाषेत. आणि तिच्यावर शेवटचा शब्द नावाड्याचा असावा, उपस्थित मंत्र्याचा किंवा अधिकाऱ्याचाही नव्हे.

परगावी राहणाऱ्या वाचकांनाही एक विनंती. बंगळुरूत असा, बडोद्यात असा किंवा हैदराबादेत, आपल्या भागासाठी घेतलेली बोट कोठे ठेवली आहे आणि ती शेवटची पाण्यात कधी उतरली, हे एक साधे पत्र लिहून विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. उत्तर मराठीत येणार नाही. आले तरी पुरे.

तो नावाडी पुन्हा मला भेटला नाही. कन्नडमध्ये नावाड्याला अंबिग म्हणतात, आणि बाराव्या शतकात अंबिगर चौडय्या नावाचा एक नावाडी वचनकारांमध्ये मानाने बसला होता. आठशे वर्षांनंतर आमच्या समितीच्या टेबलाशी त्याच्या धंदाबंधूने एक प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही हसलो. त्या तक्त्यावरची माझी सही आता पुसता येत नाही. पुढच्या तक्त्यावर सही करणाऱ्याने पेन उघडण्याआधी तेवढे विचारावे: पाणी किती?