भागधारकाचा भाग
भोईवाड्याहून मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात टाटा कन्सल्टन्सीच्या वार्षिक सभेला आम्ही जात असू, तेव्हा मोजक्या समभागांचा धनीही उभा राहून अध्यक्षांना प्रश्न विचारू शके. 2020 साली महासाथीमुळे ही सभा पडद्यावर गेली. परगावच्या भागधारकांची त्यामुळे सोय झाली, हे मान्यच. पण एकाच्या प्रश्नावर सभागृहात उठणारी कुजबुज, तिच्यातून शेजाऱ्याला सुचणारा पुढचा प्रश्न पडद्यावर कुठून येणार? मते समभागांच्या प्रमाणात मोजली जातात. लहान भागधारकाचे खरे भांडवल म्हणजे त्याचा प्रश्नच. भाग धारण करणे आणि भाग घेणे यांतील अंतर मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. कंपन्यांना मात्र सांगायला हवे : पडदा असू द्या, सभागृहही उघडा.